तिला सिंगापूर चालत बघायचं होतं

माझी मैत्रीण जर्मनीहून सिंगापूरला आमच्याकडे दहा दिवस राहायला आली, ती गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतली. आमची लेक तेव्हा नऊ वर्षांची होती आणि चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन आम्हाला सात वर्षं झाली होती. पुण्याला कॉलेजात ही मैत्रीण आणि मी तीन वर्षं एका बाकावर बसलो. मग मी लग्न करून इकडे आले, ती लग्न करून जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात गेली. सुरुवातीला आम्ही एकमेकींना लांबलचक पत्रं लिहायचो. मग फोन, आणि मग फक्त दिवाळीला ईमेल. मधल्या बारा वर्षांत प्रत्यक्ष भेट एकदाच झाली होती, तीही कुणाच्या तरी लग्नात, हातात ताटं घेऊन रांगेत उभं असताना.

म्हणून ती येणार म्हटल्यावर मी जरा जास्तच तयारी केली. मी बँकेत नोकरी करते. तिथे पाच दिवसांची रजा टाकली. जूनची शाळेची सुट्टी होती, त्यामुळे लेकही घरी होती. कुठल्या दिवशी काय बघायचं याचा एक कागद करून फ्रिजवर लावला. पक्षी, प्राणी, ऑर्किडची बाग, नदीतली होडी, एक दिवस खरेदी. ऊन असताना एसीत आणि ऊन उतरल्यावर बाहेर, अशी सगळी आखणी होती.

आल्या संध्याकाळी तिने तो कागद उभ्या उभ्या पूर्ण वाचला. "किती छान केलंयस गं," म्हणाली. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाली, "पण मी चालत बघेन."

"चालत म्हणजे?"

"पायी. मी कुठल्याही शहरात पायीच फिरते. गाडीतून शहर दिसत नाही, नुसतं मागे जातं."

मला वाटलं, बारा-तेरा तास विमानात बसून आलीय, पाय मोकळे करायचे असतील. मी कढी गरम केली आणि विषय संपला असं समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार ओढल्याचा आवाज आला. इथे सातपर्यंत नीट उजाडत नाही. मी उठून बाहेर येईपर्यंत लिफ्ट खाली गेली होती. साडेआठला ती परत आली ती घामाने निथळत, गाल लालबुंद, आणि अतिशय खूश. नाश्त्याला बसल्यावर तिने मला आमच्याच वस्तीची माहिती दिली. पलीकडच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, चार आजोबा पक्ष्यांचे पिंजरे टांगून बसतात आणि कुणाचा पक्षी जास्त गातो ते बघतात. मोठ्या नाल्याच्या कडेला कुणीतरी रताळी लावलीयत. तिसऱ्या गल्लीत एका बाईने दारापुढच्या कुंडीत कढीपत्ता वाढवलाय आणि ती तमिळ आहे.

"तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

मला माहीत नव्हतं. सात वर्षं मी सकाळी सात चाळीसला घरातून निघते, छप्पर घातलेल्या वाटेने सरळ एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनात शिरते आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत येते. कढीपत्ता मी दुकानातून आणते. पण "तुला माहीत होतं?" हा प्रश्न पुढचे तीन दिवस मला रोज नाश्त्याला आमलेटबरोबर मिळत राहिला, आणि रोज उत्तर "नाही" हेच होतं.

ती वाईट पाहुणी होती असं मी म्हणणार नाही. स्वतःची ताटली स्वतः घासायची. लेकीला पत्ते शिकवले. पण तिच्याबरोबर बाहेर पडणं म्हणजे माझ्या सहनशक्तीची परीक्षा होती. रस्ता ओलांडायचा तर सिग्नलचा हिरवा माणूस लागल्याशिवाय ती पाऊल उचलायची नाही. दोन्हीकडे अर्धा किलोमीटर एकही गाडी नसली तरी ती उभी, आणि तिच्यामुळे मीही उभी, डोक्यावर ऊन. भिंतीवरची प्रत्येक सूचना ती थांबून वाचायची: डास कसे होऊ द्यायचे नाहीत, सायकल कुठे लावायची नाही, खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे बांबू कसे बांधायचे. घरी आली की खोलीतला एसी बंद करून खिडकी सताड उघडायची, कारण बंद खोलीत तिला झोप लागत नाही. वर तिने आमच्यासाठी जर्मनीहून एक काळा पाव आणला होता. विटेच्या आकाराचा आणि साधारण तेवढ्याच वजनाचा. माझा नवरा तो दोन दिवस कौतुकाने खात होता. तिसऱ्या दिवशी तो माझ्या कानात म्हणाला, "अगं, हा संपणार कधी?"

पक्षी बघायला मी तिला टॅक्सीने नेलं, कारण लेकीने हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी ऑर्किड बघायला एमआरटीने जायचं ठरवलं होतं. मी तिला एक कार्डही देऊन ठेवलं होतं, स्टेशनच्या फाटकावर टेकवायचं. ते तिने पाकिटात जपून ठेवलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघी ट्रेनने पुढे व्हा ना. मी चालत पोचते."

"अगं, वीस किलोमीटर आहे ते."

"मग नको. इथेच जवळपास फिरू."

आम्ही इथेच जवळपास फिरलो. फ्रिजवरच्या कागदावरची ओळ मी रेघ मारून खोडली, जरा जोरातच. लेक सोफ्यावरून म्हणाली, "आई, यू व्हेरी अँग्री लाह." मी तिला मराठीत बोल म्हणून सांगितलं, तेही जोरातच.

चौथ्या दिवशी तिने जाहीर केलं की आज तोआ पायोह. तोआ पायोह ही शहराच्या मधोमध असलेली जुनी वस्ती. लग्नानंतर पहिलं वर्षभर आम्ही तिथे एका घरात एक खोली भाड्याने घेऊन राहिलो होतो. तिला तिथे का जायचंय ते मी विचारलं नाही. मी फक्त एवढंच विचारलं की कसं.

"मी नकाशा बघितलाय," ती म्हणाली. "बुकित पांजांगवरून खाली, मग तो सरळ मोठा रस्ता, मग कालव्याच्या कडेकडेने. पंधरा-सोळा किलोमीटर. चार तास धर."

लेकीला शेजारणीकडे सोडून मी तिच्याबरोबर निघाले. का निघाले हे मला आजही नीट सांगता येणार नाही. थोडं म्हणजे तिला एकटीला कसं सोडायचं, आणि थोडं म्हणजे हे जमत नाही हे तिला माझ्या देखत कळावं असं वाटत होतं. तिच्या पायात घोट्यापर्यंतचे जाड तळव्याचे खास चालण्याचे बूट होते, बरीच वर्षं कपाटात जपून ठेवलेले, या सहलीसाठी मुद्दाम बाहेर काढलेले. माझ्या पायात ऑफिसच्या सँडल होत्या. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

नऊला निघालो. बुकित पांजांगला पोचेपर्यंत माझा कुडता पाठीला चिकटला होता. पुढच्या मोठ्या रस्त्यावर एका बाजूला टेकडीचं जंगल आणि दुसऱ्या बाजूला नवीन नवीन कॉन्डो, म्हणजे श्रीमंतांच्या बंदिस्त इमारती. तिला जंगलही बघायचं होतं आणि कॉन्डोच्या फाटकांवरची नावंही वाचायची होती. एका बांधकामावर दुपारच्या सुट्टीत झाडाखाली आडव्या झालेल्या मजुरांना तिने तुम्ही कुठले म्हणून विचारलं, आणि त्यातला एकजण तेलंगणातला निघाल्यावर त्याच्याशी हिंदीत दहा मिनिटं गप्पा मारल्या. मी बस थांब्याच्या सावलीत उभी राहून माझ्या टाचेवरचा फोड बघत होते.

मग तो लोखंडी पूल आला. तेव्हा मलेशियाकडे जाणारी रेल्वे अजून शहरातून धावत होती आणि या रस्त्यावर तिचा एक जुना काळा पूल आडवा होता. त्याच्याखालून मी बसने कितीतरी वेळा गेले असेन. मैत्रीण पुलाखाली थांबली, मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "गाडी जाताना बघूया."

"कधी येते?"

"कुणास ठाऊक. येईल."

आम्ही थांबलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. ती रुमालाने मान पुसत शांतपणे उभी होती. ट्रक जात होते, त्यांचा धूर आमच्या तोंडावर येत होता. अर्धा तास झाला. गाडी आली नाही. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, अजून पाच मिनिटं. चाळीस मिनिटं झाली तेव्हा माझ्या संयमाचा बांध फुटला.

"तुला शहर बघायचं नाहीये," मी म्हणाले. "मी इथे कशी राहते आणि त्यात काय काय चुकतंय, ते तुला मला दाखवायचंय. रोज सकाळी तेच. तुला माहीत होतं का, तुला माहीत होतं का. मी सात वर्षं नोकरी करून घर सांभाळतेय. नाल्याकाठी रताळी कुणी लावली ते बघत फिरायला मला वेळ नाही. तुला आहे, कारण तुला दुसरं काही कामच नसतं."

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की ते बोलायला नको होतं. तिची पुण्याची पदवी तिकडे चालली नव्हती. पुन्हा शिकायचं राहून गेलं, मग मुलगा झाला. सध्या ती आठवड्यातून तीन सकाळी एका बालवाडीत मदतनीस म्हणून जात होती. हे सगळं मला माहीत होतं.

ती रागावली नाही. निदान तसं दिसलं नाही. पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू घरी जा. तुझा पाय दुखतोय. मी जाईन पुढे."

"एकटी?"

"रस्ता सरळ आहे."

मी खरोखरच समोरून आलेल्या बसमध्ये चढले. बसमध्ये थंडगार होतं. घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते आणि प्रत्येक वेळी मीच जिंकत होते. लेकीला परत आणलं, आंघोळ केली, फोडाला पट्टी लावली. मग तिच्या खोलीत गेले तर मी तिला वापरायला दिलेला जादा मोबाइल तिथेच चार्जरला लावलेला होता.

तीनला आभाळ काळं झालं आणि पाऊस सुरू झाला, इथला नेहमीचा, समोरचा ब्लॉक दिसेनासा करणारा, सोबत विजा. मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर येऊन म्हणाला, "अगं, मोठी बाई आहे ती. येईल."

"फोन घरी ठेवून गेलीय."

"मग तू तिला एकटं सोडलंसच कसं?"

हा प्रश्न मी स्वतःला तासभर विचारत होते, पण त्याने विचारल्यावर मला त्याचाच राग आला. मी फोन ठेवून दिला. चार वाजले, पाच वाजले. पाऊस थांबला. मी दर दहा मिनिटांनी गॅलरीतून खाली बघत होते. पोलिसांना फोन करायचा तर काय सांगायचं, याची इंग्रजीतली वाक्यंसुद्धा मी जुळवून ठेवली होती.

साडेपाचला घरचा फोन वाजला. पलीकडून एका वयस्क चिनी बाईचा आवाज आला. "यू द फ्रेंड आह? युवर फ्रेंड हिअर. शी ओके, डोन्ट वरी. ओन्ली शू स्पॉइल." ती तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, चहा-कॉफीचा स्टॉल चालवत होती. मग मैत्रिणीचा आवाज आला. "अगं, बुटांचे तळवे निघाले. दोन्ही. मला एखादी चप्पल घेऊन येशील का?"

"तिथे पाच मिनिटांवर एमआरटी स्टेशन आहे," मी म्हणाले. "तिथून थेट ट्रेन येते आपल्याकडे."

ट्रेनचं तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाली, "ये ना तू."

तेवढ्यात नवरा घरी आला. लेकीला त्याच्याकडे सोपवून मी निघाले. आमच्याकडून तोआ पायोहला जाणारी ट्रेन सरळ जात नाही, उत्तरेकडून अख्ख्या बेटाला वळसा घालते. प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्या जुन्या चपला मांडीवर घेऊन मी जवळजवळ पाऊण तास बसले होते. ती सुखरूप आहे हे कळल्यापासून माझी काळजी संपली होती आणि तिच्या जागी राग पुन्हा पूर्ण ताकदीने आला होता. कार्ड आहे, स्टेशन आहे, पायात स्टॉलवालीने काहीतरी दिलंच असेल. तरी मी यायचं, ऑफिस सुटायच्या गर्दीत, एका पायावर लंगडत.

ती हॉकर सेंटरच्या कडेच्या टेबलाशी बसली होती. पुढ्यात दुधाळ चहाचा ग्लास, पायात स्टॉलवाल्या बाईच्या गुलाबी रबरी सपाता. शेजारी वर्तमानपत्रावर ते बूट होते आणि त्यांचे तळवे वेगळे, ओल्या भाकरीसारखे चुरा होऊन पडलेले. इथल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या बुटांचं असं होतं हे मी ऐकून होते. जर्मनीत पडून राहिलेल्या बुटांचंही इथे येऊन असं होतं, ते त्या दिवशी कळलं.

"तुझा ब्लॉक सापडला," ती म्हणाली. मी बसायच्या आतच.

"कुठला माझा ब्लॉक?"

"तुमची पहिली खोली. पत्ता मला पाठ आहे ना अजून. कितीतरी पाकिटांवर लिहिलाय मी तो. वर जाऊन आले. लिफ्ट आठव्या मजल्यावर थांबतच नाही, तू लिहिलं होतंस तसंच. एक मजला जिना चढून गेले. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. बेल नाही वाजवली."

एवढ्यासाठी ती सोळा किलोमीटर चालून आली होती. तरी मी जे बोलायचं ठरवून आले होते तेच बोलले. "पण मग ट्रेनने का नाही आलीस परत? कार्ड दिलंय ना मी तुला?"

तिने चहाचा ग्लास फिरवला. मग तिने मला सांगितलं, अगदी सपाट आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

जर्मनीतल्या तिच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला एक हिवाळा होता. मुलगा चार महिन्यांचा. त्याला घेऊन ती ट्रामने डॉक्टरकडे निघाली होती. तिकीट काढलं होतं. पण त्या तिकिटावर आत गेल्यावर एका यंत्रात छाप मारून घ्यायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन थांब्यांनंतर साध्या कपड्यातला तपासनीस आला. तिने तिकीट दाखवलं. तो मोठ्या आवाजात बोलायला लागला. तिला भाषा येत नव्हती. ती इंग्रजीत सांगत राहिली, तो जर्मनमध्ये सांगत राहिला. बाळ रडायला लागलं. पुढच्या थांब्यावर त्याने तिला खाली उतरवलं आणि बर्फात उभी करून पासपोर्टवरचं नाव एका कागदावर उतरवून घेतलं.

"आणि उतरताना एक बाई मला काहीतरी म्हणाली. मला शब्द कळले नाहीत, पण आवाज लक्षात राहिला. दोन वर्षांनी भाषा आल्यावर एकदा मी भाजी निवडत होते, आणि एकदम मला त्या वाक्याचा अर्थ लागला."

"काय म्हणाली होती?"

"ते नाही सांगत."

त्या दिवशी ती बाबागाडी ढकलत चार किलोमीटर चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशीही चालतच बाहेर पडली. नवऱ्याला सांगितलं, व्यायाम होतो. तिथे चालणाऱ्या माणसाचं सगळे कौतुकच करतात, त्यामुळे कुणी कधी काही विचारलं नाही. मुलगा मोठा होऊन एकटा ट्रामने शाळेत जायला लागला, तरी ही चालतच.

"नंतर मला चालायला खरंच आवडायला लागलं," ती म्हणाली. "तेही खोटं नाही. पण तुमच्या स्टेशनातलं ते फाटक बघितलं, ते असं धाडकन मिटतं, आणि बाजूला तो गणवेशातला माणूस. मला नाही जमलं."

माझी पहिली प्रतिक्रिया चांगली नव्हती. मी वैतागले. "बारा वर्षं मला सांगितलं नाहीस? तेव्हा तर मी तुला दर पंधरा दिवसांनी पत्र लिहीत होते."

"तुझ्या पत्रांत सगळं छानच असायचं," ती म्हणाली. "त्यात माझं हे कुठे घालू?"

सगळं छान नव्हतं. त्या आठव्या मजल्यावरच्या खोलीत आम्हाला फोडणी करायला परवानगी नव्हती. घरमालकिणीला वास चालत नसे. वर्षभर आम्ही पाव, उकडलेले बटाटे आणि दही खाऊन काढलं, आणि नवरा कामावर गेला की मी त्या जिन्यात जाऊन बसायचे, कारण खोलीत दिवसा दिवा लावलेलाही तिला खपत नसे. हे मी मैत्रिणीला त्या टेबलाशी पहिल्यांदा सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आणि मला लिहायचीस की इथे रोज सुट्टीवर आल्यासारखं वाटतं." तिचाही आवाज चांगलाच चिडलेला होता.

आम्ही स्टॉलवालीला तिच्या सपाता परत केल्या. ती बूट टाकून द्यायला निघाली, तर मैत्रिणीने तिला थांबवलं आणि वरचा भाग दुरुस्त होतो का असं विचारलं. मला त्या क्षणी कुणीतरी येऊन तिथून उचलून न्यावं असं वाटलं.

मी म्हटलं, टॅक्सी करू. पाऊस पडून गेलेला, ऑफिसं सुटलेली. इथे राहणाऱ्या कुणालाही पुढचं सांगायला नको. फोन लावला तर लाइन सतत व्यस्त. रांगेत आमच्या पुढे बाराजण होते, आणि पन्नास मिनिटांत टॅक्स्या आल्या चार. रांगेत उभं असताना मी म्हणाले, "मी दुपारी बोलले ते..."

"अर्धं खरं होतं," ती म्हणाली. "म्हणून जास्त लागलं."

एवढंच. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

शेवटी तीच म्हणाली, "चल, तुझ्या त्या ट्रेनने जाऊ." फाटकाशी मी तिच्या मागे उभी राहिले. तिने कार्ड टेकवलं, फाटक उघडलं, ती जवळजवळ उडी मारूनच पलीकडे गेली. गणवेशातल्या माणसाने आमच्याकडे पाहिलंही नाही. ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली, तरी पाऊण तास तिने ते कार्ड मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. मी तिला दोनदा सांगितलं की इथे आत कुणी तपासायला येत नाही, बाहेर पडताना फक्त परत टेकवायचं. ती म्हणाली, "तरी असू दे."

राहिलेल्या दिवसांत आम्ही दोन-तीनदा ट्रेनने गेलो. तिने नवे बूट घेतले आणि सकाळी सहाला दार ओढून बाहेर पडणं चालूच ठेवलं. मी तिच्याबरोबर एकच दिवस गेले. पक्षीवाले आजोबा त्या दिवशी नेमके आले नव्हते, आणि कढीपत्तावाली तमिळ बाई सुनेवर ओरडत होती, म्हणून आम्ही तिच्या दारापुढून मान खाली घालून निघून आलो. काळा पाव शेवटी मी तव्यावर तूप घालून भाजला, त्यावर लसणाची चटणी लावली, आणि मग तो एका संध्याकाळी संपला. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला. तिने तो ऐकला आणि आणखी एक पाव पाठवण्याचं कबूल केलं.

ती गेल्यावर चारेक महिन्यांनी एका रविवारी तिचा फोन आला. ती तिच्या शहरात ट्रामने गेली होती, एकटी. तिकिटावर छाप मारून घेतला, तो नीट उमटलाय का हे दोनदा बघितलं. आणि चौथ्या थांब्यावर खरोखर तपासनीस आला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी तिकीट पुढे केलं. त्याने बघितल्यासारखं केलं, धन्यवाद म्हणाला आणि पुढे गेला. नीट वाचलंसुद्धा नाही त्याने." ती भयंकर वैतागली होती. "बारा वर्षं मी या शहरात उन्हापावसात चालले. आणि त्याने वाचलंसुद्धा नाही."

मला हसू आलं. ते तिला ऐकू गेलं, आणि आमचं थोडं भांडण झालं. ती अजूनही बहुतेक वेळा चालतच जाते.